गहू नाही, तरी पोट बिघडलं: ग्लूटेनमुक्त फराळाच्या कामाच्या नोंदी

१२ जुलै २०२५

यंदाच्या दिवाळीत सिलिॲकवाल्यांसाठी, म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लूटेन हे प्रथिन ज्यांच्या आतड्याला इजा करतं त्यांच्यासाठी, फराळाचा वेगळा डबा काढायचा, हे आज पक्कं केलं. गेल्या वर्षी विचारणा झाली तेव्हा सरळ नाही म्हटलं होतं. शंकरपाळ्यांच्या दिवसांत आमच्या ओट्यावर मैदा हवेतच तरंगत असतो, तिथे कुणाला कसली खात्री देणार?

आता मागची खोली मोकळी झाली आहे. नवी घरघंटी घेतली. तिच्यात गहू पडलेला नाही, पडणार नाही. कढई, झारा, चाळण्या, परात, डबे सगळं नवं. पोळपाट-लाटणं लाकडाचं घेतलं नाही, कारण भेगांत पीठ बसतं आणि धुऊन निघत नाही, स्टीलचं घेतलं. जाऊबाईंनी नियम घातला की कणकेचा हात लागलेल्या माणसानं उंबऱ्याच्या आत यायचं नाही. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या बायका आम्ही, हे समजून घ्यायला कुणाला वेळ लागला नाही.

मर्यादा किती कडक आहे ते वहीत लिहून ठेवते. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमानुसार ‘ग्लूटेनमुक्त’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन हवं. मैद्यात साधारण दहा टक्के ग्लूटेन धरलं, तर एक ग्रॅम मैद्यात शंभर मिलिग्रॅम. म्हणजे किलोभर लाडवांत एक ग्रॅम मैदा गेला तरी मर्यादेच्या पाचपट. चमच्यानं मोजायचा हा मामलाच नाही.

डाळ-तांदूळ निवडूनच घ्यायचे. वाण्याकडे एकाच मापानं गहू आणि हरभराडाळ मोजली जाते. आज निवडलेल्या डाळीतही गव्हाचे दाणे निघाले.

२० जुलै

चव घेऊन प्रामाणिक मत देणारी माणसं मिळाली. आहारतज्ज्ञ मैत्रिणीनं पाठवली. सगळ्यांचं निदान रक्ताच्या तपासणीनं आणि दुर्बिणीतून काढलेल्या आतड्याच्या तुकड्यावरून झालेलं, आणि गहू सोडून कुणालाही अजून वर्ष झालेलं नाही. मला अशीच माणसं हवी होती. जुने सिलिॲकवाले आपापलं बघून घेतात. नवख्यांची पंचाईत असते.

एका ताईंना मात्र मैत्रिणीनं परत पाठवलं. त्यांनी कुणाचं तरी ऐकून आपणहून गहू सोडला होता, तपासणी केलीच नव्हती. गहू बंद असताना रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी फसवी येऊ शकते, म्हणून आधी डॉक्टरांकडे जा, मग फराळाचं बघू, असं तिनं सांगितलं. ताई रागावल्या. रागावू देत.

प्रत्येक पुडीबरोबर एक चिठ्ठी द्यायची ठरली. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता, रिकाम्या पोटी की जेवणावर, त्रास झाला तर किती वेळानं आणि नेमका काय, त्याच दिवशी बाहेरचं काय खाल्लं, औषधं कोणती चालू आहेत. जाऊबाई म्हणाल्या, “एवढं कोण लिहिणार? लोक लाडू खातील की निबंध लिहितील?” पण वेळ आणि प्रमाण लिहिल्याशिवाय पुढची पुडी नाही, असं मी सांगून टाकलं.

२९ जुलै

पहिल्या चिठ्ठ्या आल्या. बेसनाचे लाडू सगळ्यांना मानवले. डाळ इथेच भाजली, इथेच दळली, रवाळपणासाठी रवा घातला नाही, त्यामुळे काळजी नव्हतीच.

पेढ्यांनी गडबड केली. बँकेतले काका लिहितात: “जेवणानंतर पाच पेढे खाल्ले. तासाभरात पोट नगाऱ्यासारखं फुगलं, गुडगुड सुरू झाली, मग धावपळ. तुमच्या पेढ्यात मैदा असावा असं वाटतं. राग नसावा.” कॉलेजातल्या मुलीचीही जवळपास हीच कहाणी, फक्त तिनं तीनच खाल्ले होते.

जाऊबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “मैदा? दुपारभर मी कढईपाशी बसून दूध आटवलंय. त्यात साखर नि वेलचीशिवाय काही पडलं असेल तर शपथ!” त्यांचं खरं आहे. बाजारच्या खव्याची खात्री नसते म्हणून खवा आम्ही घरीच केला होता. पेढ्यात गहू नाही, तरी दोघांची पोटं बिघडली हेही खोटं नाही.

३ ऑगस्ट

मैत्रीण चिठ्ठ्या घेऊन बसली. तिचा पहिला प्रश्न: “हे दोघं आधी दूध किती प्यायचे?” काका चहापुरतं, मुलगी सकाळी अर्धा कप.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला गालिच्याच्या तंतूंसारखे बारीक उंचवटे असतात. सिलिॲकमध्ये ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा हेच उंचवटे झिजवते. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं लॅक्टेज हे विकर त्यांच्या टोकांवर असतं. टोकंच झिजली, तर लॅक्टेज कमी पडणार. न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात जातं, पाणी ओढून घेतं, जिवाणू त्याचा वायू करतात. गहू बंद केला की आतडं भरून यायला लागतं, पण ते चार दिवसांत होत नाही. मोठ्या माणसांना अनेक महिने लागतात, काहींना वर्ष-दोन वर्षं. तोवर हे दूध न सोसणं तात्पुरतं असू शकतं. त्यात आपल्याकडे अनेकांचं लॅक्टेज मोठेपणी मुळातच कमी होत जातं, ते वेगळं.

मग हिशेब मांडला. गाईच्या दुधात शंभर मिलिलिटरला पाचेक ग्रॅम लॅक्टोज. पाच लिटर दूध आटवून साधारण एक किलो खवा, म्हणजे शंभर ग्रॅम खव्यात चोवीस-पंचवीस ग्रॅम लॅक्टोज. आमचा पेढा पंचवीस ग्रॅमचा, त्यातली साखर वजा केली तरी एका पेढ्यात चार ग्रॅमच्या आसपास. काकांनी एका बैठकीत वीस ग्रॅम लॅक्टोज पोटात घातलं. एरवी चहातल्या दुधातून त्यांना एका वेळी दोन-तीन ग्रॅम मिळत असेल. लॅक्टोज न सोसणाऱ्या बऱ्याच जणांना एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत फारसा त्रास होत नाही म्हणतात. पाच पेढे त्याच्या कितीतरी पुढे गेले.

“आधी का नाही झालं मग?” जाऊबाईंनी विचारलं. मैत्रीण म्हणाली, आधी रोजच पोट बिघडलेलं असायचं, त्यात पेढ्याचा वाटा कोण शोधणार? शिवाय आधी काका पाच पेढे खातच नव्हते. चहाबरोबर बिस्किटं असायची, संध्याकाळी कधी केक. गहू सुटला आणि तो सगळा कोटा पेढ्यांवर आला, कारण पेढ्यात गहू नसतो.

हे तिचं वाक्य मी अधोरेखित करून ठेवलं आहे. गहू सोडलेला माणूस गोड सोडत नाही, गोडाचा रस्ता बदलतो. ज्या पदार्थाचा आधी एखादा तुकडा खायचा, तो आता वाटीभर खातो. यापुढच्या चिठ्ठ्या याच नजरेनं वाचायच्या.

१० ऑगस्ट

नारळी पौर्णिमेनिमित्त नारळाच्या वड्या. खव्याच्या आणि बिनखव्याच्या, दोन वेगळ्या पुड्या, वरून सारख्याच दिसणाऱ्या. कोणत्या कुठल्या हे फक्त मला माहीत. मुलीनं बरोबर ओळखल्या, जिभेनं नव्हे, पोटानं. काकांना या वेळी दोन्ही चालल्या, पण त्यांनी एकेकच खाल्ली होती. म्हणजे प्रमाणाचीच गोष्ट.

श्रीखंडही दिलं. चक्क्यातलं पाणी निथळताना बरंच लॅक्टोज पाण्याबरोबर जातं, थोडं विरजणातले जिवाणू खातात. छोटी वाटी दोघांनाही पचली. डब्यात श्रीखंड पाठवता येणार नाही, पण माहिती उपयोगाची.

३० ऑगस्ट

गणपतीचे दिवस, त्यामुळे दोन दिवस वहीला हात नाही.

उकडीच्या मोदकांची पिठी आम्हीच दळून दिली. आंबेमोहोर धुऊन, सावलीत वाळवून. बाहेरच्या गिरणीत तांदळाच्या आधी कुणाचा गहू गेला हे कोण सांगणार? पोटाची तक्रार कुणाचीच आली नाही. आली ती वेगळीच. हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा सकाळपासून आरतीच्या गडबडीत उपाशी होता आणि दुपारी बसून मोदकच मोदक खाल्ले, वर वरण-भात नको म्हणाला. दोन-अडीच तासांनी घाम, हातांना कापरं, डोकं हलकं. आईनं आधी मला फोन केला: “वहिनी, पिठीत काही गेलं का हो?”

पोट ठीक, शौचाला ठीक, मळमळ नाही. मैत्रिणीचा अंदाज असा: रिकाम्या पोटी तांदळाची पिठी आणि गूळ म्हणजे रक्तातली साखर झपकन वर, त्यावर इन्सुलिन आलं की ती तितक्याच झपकन खाली. पण तिनं अंदाजावर सोडून दिलं नाही. सिलिॲक आणि टाइप-१ मधुमेह यांची जनुकीय मुळं जवळची असतात, म्हणून रक्तातली साखर तपासून घ्यायला लावलं. अहवाल ठीक आला. आता तो मोदक जेवणाबरोबर खातो, तूप घालून, मोजके. तुपाची धार आपल्याकडे उगाच नाही, असं जाऊबाईंचं मत. तुपामुळे पोट हळू रिकामं होतं, हे मैत्रिणीनंही मान्य केलं.

जाता जाता एक. कॉलेजातल्या मुलीच्या शेजारी सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा हातावर ठेवलाच. रवा म्हणजे गहूच. प्रसादाला नाही म्हणायचं नाही, हे तिच्या आजीनं लहानपणापासून शिकवलेलं. तिनं हात कपाळाला लावला आणि शिरा धाकट्या भावाच्या हातावर दिला. मग साबणानं हात धुतले. आजी काही बोलल्या नाहीत म्हणे. पंचामृत मात्र तिला घेता येतं, चमचाभर दुधाचं काही होत नाही.

८ सप्टेंबर

काजूकतली. या पदार्थावर माझा फार भरवसा होता. काजू, साखर, थोडं तूप, वर्ख. गहू नाही, दूध नाही. डब्याचा राजा हाच होणार होता.

चिठ्ठ्या तितक्या राजेशाही आल्या नाहीत. त्रास सगळ्यांना नाही, पण ज्यांना झाला त्यांना चांगलाच: फुगारा, वायू, कुणाच्या पोटात मुरडा. आणि तासाभरात नव्हे, संध्याकाळी खाल्ली तर रात्री. खजूर-अंजिराच्या लाडवांचंही तसंच. हे लाडू तर ‘पौष्टिक’ म्हणून आवर्जून केले होते, साखरेचा कणही न घालता.

काजूत फ्रुक्टान आणि त्याच जातीच्या इतर शर्करा भरपूर असतात. आपल्या लहान आतड्याला त्या फोडताच येत नाहीत, कुणाच्याच. त्या थेट मोठ्या आतड्यात जातात आणि तिथे आंबतात. निरोगी माणसाला पत्ता लागत नाही. ज्याचं आतडं अजून सावरतं आहे, तो पटकन ओळखतो. खजूर-अंजिरात फ्रुक्टोज जास्त आणि फ्रुक्टानही असतं. म्हणजे मी साखर काढून साखरेहून कठीण गोष्ट घातली होती.

गंमत अशी की गव्हातही फ्रुक्टान असतं. नॉर्वेत एक प्रयोग झाला, २०१८ साली प्रसिद्ध झाला. सिलिॲक नसलेल्या, तरी गहू सोसत नाही म्हणणाऱ्या माणसांना दिसायला सारख्याच वड्या दिल्या, काहींत ग्लूटेन, काहींत फ्रुक्टान, काहींत दोन्ही नाही. जास्त त्रास फ्रुक्टानच्या वड्यांनी झाला. आमच्या मंडळींना हे लागू नाही, त्यांचं सिलिॲक सिद्ध झालेलं आहे आणि त्यांच्या बाबतीत ग्लूटेनच गुन्हेगार आहे. पण गहू सोडून कुणाला आपोआप बरं वाटलं, तर त्यात फ्रुक्टान गेल्याचाही वाटा असू शकतो. मग तोच माणूस काजूकतलीवर तुटून पडला की तेच फ्रुक्टान मागच्या दारानं परत येतं.

काजूकतली पूर्ण काढणार नाही. छोट्या वड्या, डब्यात मोजक्या. खजुराचे लाडू बाद.

१७ सप्टेंबर

या वेळचं प्रकरण वेगळं होतं आणि ते तसं आहे हे चिठ्ठीवरूनच कळलं.

नववीतला मुलगा. आम्ही अनारशाचं पीठ दिलं होतं, अनारसे त्यांनी घरी तळायचे. तांदूळ तीन दिवस पाणी बदलत भिजवलेले, पंख्याखाली वाळवून दळलेले, गूळ घालून मुरवलेले. खसखस वेगळ्या पुडीत. गव्हाचा संबंधच येत नाही अशी ही दिवाळीतली मोजकी मिठाई, मला तर सगळ्यांत सुरक्षित वाटते. मुलानं दोनच खाल्ले. दोन तासांनी उलट्या, मग गळून गेला, दुसऱ्या दिवशीही डोकं जड आणि पोटात दुखत होतं. फुगारा, गुडगुड काही नाही. दूध त्याला चालतं. काजू चालतात. दोन अनारशांत असा गूळ तरी किती असणार?

आईला विचारलं, “कशात तळले?” तिनं सांगितलं आणि सांगता सांगता स्वतःच थांबली. त्याच सकाळी त्या कढईत मावशींनी पाहुण्यांसाठी पुऱ्या तळल्या होत्या. तूप गाळून तेच वापरलं. गाळणीतून पुरीचा मोठा चुरा अडकतो, पीठ अडकत नाही. तळणीच्या उष्णतेनं ग्लूटेन नाहीसं होत नाही.

डॉक्टरांना कळवा, असं मी सांगितलं. प्रत्येक सिलिॲकवाल्याला असा लगेच त्रास होतोच असं नाही, काहींना काहीच कळत नाही आणि आतडं मात्र झिजत राहतं. त्यामुळे ‘त्रास झाला नाही, म्हणजे चाललं’ हेही खरं नाही. त्याच्या पुढच्या तपासणीत टीटीजी (सिलिॲकच्या रक्ततपासणीतल्या) प्रतिपिंडांचा आकडा काय येतो, ते डॉक्टर बघतील.

अनारशाचं पीठ विकताना यापुढे सूचना मोठ्या अक्षरांत: कोरी कढई, कोरं तूप, कोरा झारा. जाऊबाईंनी पुढे जोडायला लावलं, “अनारसा हसला, म्हणजे तुपात विरघळून पसरला, तर तुपाचा ताव बघा.” बरोबर आहे, कोऱ्या तुपात हसलेला अनारसा बघून लोक मलाच फोन करतील.

२५ सप्टेंबर

नवरात्र चालू, त्यामुळे घरोघरी राजगिरा, वरई, शिंगाडा. कुणीतरी म्हणालं, सिलिॲकवाल्यांना वर्षभर उपासच समजायचा. धान्यापुरतं खरं आहे. आपल्या उपासाच्या स्वयंपाकात गहू, बार्ली, राय यांपैकी ग्लूटेनचं कुठलंच धान्य येत नाही. पण उपासाचं पीठ ज्या कारखान्यात दळलं तिथे दिवसभर काय दळतात, हे उपासाला चालतं की नाही यावरून कळत नाही.

म्हणून प्रयोगशाळेत नमुने दिले होते. आर-५ एलायझा नावाची तपासणी. आमचा बेसन लाडू आणि अनारशाचं पीठ, दोन्हींत मोजता येईल इतकं ग्लूटेन निघालं नाही. तुलनेसाठी दुकानातून आणलेलं शिंगाड्याचं पीठ दिलं होतं, त्याचा आकडा मर्यादेच्या वर आला. आता शिंगाडेही घरीच दळायचे.

चिवड्यासाठी हिंग. बाजारात मिळतो तो बहुतेक बांधानी हिंग, म्हणजे अस्सल हिंगात पीठ आणि डिंक मिसळलेला, आणि ते पीठ अनेकदा गव्हाचंच. तांदळाच्या पिठाचा मिळाला, डबीवरची घटकांची यादी भिंग लावून वाचली.

आणखी एक तक्रार आली, पण ती आमच्या मालाची नाही. काकांना कुणीतरी ‘शुगरफ्री’ बर्फीचा खोका भेट दिला. ग्लूटेन नाही, साखर नाही, म्हणून त्यांनी निर्धास्तपणे खाल्ली. रात्रभर जागरण. खोक्यावर माल्टिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते एक पॉलिऑल) लिहिलं होतं, आणि खाली बारीक अक्षरांत पॉलिऑलमुळे जुलाब होऊ शकतात, अशी सूचना. ती छापणं बंधनकारक आहे. वाचणं नाही.

४ ऑक्टोबर

दुसऱ्या एका ताईंच्या चिठ्ठ्या कुठेच बसत नव्हत्या. काहीही गोड खाल्लं की मळमळ, कळा, मग दोन दिवस शौचाला कडक. लाडू खाल्ले तरी, वडी खाल्ली तरी. औषधांचा रकाना त्या रिकामा ठेवत. शेवटी मैत्रिणीनं फोनवर खोदून विचारलं. लोहाची गोळी चालू होती. “ते काय औषध थोडंच आहे, रक्तवाढीचं आहे,” ताई म्हणाल्या.

सिलिॲकमध्ये लोह नीट शोषलं जात नाही, बऱ्याच बायकांचं निदानच कमी हिमोग्लोबिनचा शोध घेताना होतं. त्यामुळे गहू बंद आणि लोहाची गोळी चालू हे एकाच आठवड्यात घडतं. गोळीनं मळमळ आणि बद्धकोष्ठ होणं नेहमीचं. ताई ती गोळी दुपारी जेवून घेत आणि तोंडाला लोखंडाची चव राहते म्हणून त्यावर गोड खात! गोळीची वेळ आणि प्रकार डॉक्टरांनी बदलून दिला. लाडू आता बाधत नाही.

काय घडलं त्यावरून का घडलं हे ठरवताना जाणतेही फसले आहेत. न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी १९२४ साली सिलिॲकच्या मुलांसाठी केळ्यांचा आहार मांडला. पाव, बिस्किटं, बटाटे, इतकंच नाही तर साधी साखरही बंद, आणि केळी भरपूर. मुलं सुधारली. श्रेय केळ्यांना गेलं आणि पुढे कित्येक वर्षं तसंच चाललं. नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात तिकडे पावाची टंचाई झाली, तेव्हा सिलिॲकची मुलं बरी होताना दिसली आणि पाव परत मिळू लागला तशी बिघडली. त्यांचा प्रबंध १९५० सालचा. मधल्या काळात किती मुलांनी गोड नाकारलं असेल आणि पाव पुन्हा खाल्ला असेल!

आमच्या चिठ्ठीवरचा औषधांचा रकाना आता ‘औषधं, गोळ्या, टॉनिक, चूर्ण, काहीही’ असा.

७ ऑक्टोबर

काल कोजागरी. मसाला दूध काकांनी अर्धा पेला घेतलं, लॅक्टेजचे थेंब घालून. काही झालं नाही. मुलीनं थेंबांशिवाय घेतलं, तिलाही काही नाही. तिचा गहू बंद होऊन आता बरेच महिने झाले, आतडं भरत असावं. तिनं आज लगेच विचारलं, “काकू, पेढे कधी?” दोन देईन, त्याहून जास्त नाही.

१२ ऑक्टोबर

डब्यात काय असेल ते ठरलं. बेसन लाडू, अनारसे (तळलेले, पीठ फक्त मागितलं तर), बिनखव्याची नारळ वडी, शेंगदाण्याची चिकी, मोजकी काजूकतली, भाजणीची चकली, पातळ पोह्यांचा चिवडा. करंजी तांदळाच्या उकडीची केली होती, पण तळल्यावर दुसऱ्या दिवशी चिवट होते, मन मानलं नाही. चिरोट्यांचा नाद सोडला. मैद्याशिवाय पापुद्रे सुटत नाहीत आणि चिकटपणासाठी झँथन गम, इसबगोल घालून ओढूनताणून केले तर चवीलाही नाहीत आणि पोटालाही जड. ज्याला मैदाच लागतो ते न केलेलं बरं, नक्कल खाऊन माणूस जास्त हळहळतो.

पेढे डब्यात नाहीत. वेगळे मागवायचे.

झाकणाच्या आत चिकटवायच्या कागदावर मैत्रिणीशी भांडण झालं. तिला सगळी शास्त्रीय माहिती हवी होती. मी म्हटलं, दिवाळीत कोण वाचतंय? शेवटी प्रत्येक पदार्थापुढे फक्त दूध आहे की नाही, काजू-खजूर आहे की नाही, आणि ‘पहिल्या दिवशी एकच खाऊन बघा’. खाली: उलट्या झाल्या, वजन उतरत असलं, शौचातून रक्त गेलं किंवा त्रास दोन-तीन दिवसांत ओसरला नाही, तर आम्हाला नाही, डॉक्टरांना फोन करा.

१९ ऑक्टोबर

सगळे डबे गेले. दमणूक इतकी की स्वतःच्या घरची चकली अजून सोऱ्यातच आहे.

२६ ऑक्टोबर

भाऊबीज झाली, आता चिठ्ठ्या येताहेत. बहुतेक ठिकाणी ठीक. एका घरी ‘डबा खाऊन त्रास’, पण चिठ्ठीत त्याच दिवशी ओवाळल्यावर भावानं भरवलेला गुलाबजामही प्रामाणिकपणे लिहिला आहे. खव्याच्या गोळ्यात मैदा घालतातच, नाहीतर तो तळणीत फुटतो. एका नव्या गिऱ्हाइकानं पूर्ण चिकी एकट्यानं संपवली आणि पोट दुखलं म्हणून तक्रार केली. त्यांना मी एवढंच विचारलं, गहू चालत होता तेव्हा एका बैठकीत किती चिकी खायचात? फोनवर हसले.

नववीतल्या मुलाच्या घरी आता त्याची कढई वेगळी टांगली आहे. काकांनी पेढे मागवले, चार, दोन दिवसांत दोन-दोन खाणार असं स्वतःच सांगितलं.

संक्रांतीची विचारणा सुरू झाली. तिळगुळात अडचण नाही. गुळाच्या पोळीला गव्हाचं आवरण लागतं, तिथे ज्वारीच्या उकडीवर काम करावं लागेल. रंगीत हलवा बाहेरून आणायचा तर करणाऱ्याला विचारायचं की कढईत आधी काय होतं. तीळ निवडायला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसायचं.